वालाला पाणी किती

१२ नोव्हेंबर, बुधवार

निलेश, आधी एक सांग. परवा रात्री काय जेवलास? बघ, आठवत नाही. ज्याला परवाचं जेवण आठवत नाही त्याला त्याची पोर कितवीत आहे हे काय आठवणार! मागच्या खेपेला मस्कतहून आलास तेव्हा माझ्या गुडघ्याचं मलम विमानात विसरलास, आणि जाताना चष्मा इथे. बायकोला बरोबर न्यायला विसरला नाहीस, एवढं प्रणिताचं नशीब. म्हणून ही वही. पाठवणार नाही, कपाटात राहील. आलास की वाच, पण माझ्यासमोर वाचू नको.

लिहिणारी फरझाना, शेजारच्या मुसाभाईंची सून. तिचा नवरा अफान कुवेतला, त्यामुळे दुपारी तिला बोलायला कोणी नाही आणि मला ऐकायला. मी बोलते, ती लिहिते. मी 'नाय' म्हटलं की ही 'नाही' लिहिते, कोणाचं बोलणं तेवढं जसंच्या तसं ठेवते. रोह्याला बारावी झाली आहे, फुकट कशी घालवेल.

तुझी पोर सातवीत आहे. लिहून ठेव. डोंगरावरच्या त्या इंटरनॅशनल शाळेत गावच्या दोन पोरांना फी नाही, त्यातली एक आपली अपेक्षा. पण ती जागा कायमची नाही. दर जानेवारीत मंडळापुढे उभं राहून वर्षभर काय काम केलं ते दाखवायचं. पसंत पडलं तर पुढचं वर्ष, नाहीतर खाली घरी. पोर त्या जागेसाठी जीव टाकते. मला ती शाळा डोळ्यांसमोर नको. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात.

का नको, ते सांगते. फाटकावर तेवीस देशांचे झेंडे आहेत. पोरं मास्तरला नावाने हाक मारतात. "ए टोबियास!" मी माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही. आणि तिसरं, मोहाचं शेत. पेणच्या मालकाचं, पण पंचेचाळीस वर्षं खंडाने आपण कसलं. तुझा बाप त्याच बांधावर विडी ओढायचा. मालकाने चार वर्षांपूर्वी शाळेला विकलं आणि भिंत आली. आता परसातून मला फक्त मोहाचा शेंडा दिसतो, आणि भिंत पडलेल्या कोपऱ्यातून थोडं शेत.

तिथे यंदा शाळेची पोरं वाल पेरताहेत. हातात हिरवे मोजे घालून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तो टोबियास घरी आला. जर्मनीचा आहे. एवढा मोठा गडी आणि अर्धी चड्डी. खुर्ची दिली तर नको म्हणाला, जमिनीवर बसला, मग त्याला उठता येईना. बरोबर अपेक्षा, त्याचं मला आणि माझं त्याला सांगायला.

त्याने वही उघडली. काहीतरी बोलला.

"आजी, तो विचारतोय, वालाला पाणी किती घालायचं?"

आता तुला माहीत असेल, विसरला नसशील तर. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल येतो. वरून पाणी घालायचं नाही, एक थेंब नाही. थंडीचं दव पडतं तेवढं त्याला पुरतं. त्यात मोहाचं शेत उपळट, डिसेंबरपर्यंत खालून पाझरतं. तिथे वालाला पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला ग्लास भरून देणं.

"भरपूर," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ. वाल म्हणजे म्हशीची जात. पाण्यात बसवलास की खूश."

अपेक्षा माझ्याकडे बघत राहिली. "आजी, खरंच?"

"सांग गो त्याला. मी सांगते तसं सांग."

तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं, दोन्ही हात जोडले आणि भिंतीला धरून उठला.

फरझानाने इथे पेन खाली ठेवलं. "मावशी, हे खोटं बोललात तुम्ही."

"तुला लिहायला बसवलंय. लिही."

"मुलं लहान हायत ती."

"त्यांची शाळा मोठी हाय ना. काढतील शोधून."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपास. पोट रिकामं असलं की डोळे चांगले चालतात. पांढऱ्या नळ्या टाकल्या आहेत शेतात, सकाळ-संध्याकाळ ठिबकतात. रोपं वीतभर झाली, हिरवीगार, नुसती पानं माजली आहेत. पोरं दर दोन दिवसांनी टेप लावून उंची मोजतात आणि टाळ्या वाजवतात.

मीही वाजवल्या. परसात, एकटीने.

अपेक्षा हल्ली घरी गप्प असते. ही सगळी त्या शाळेची शिकवण. तिकडे तेवीस देशांच्या लोकांशी बोलून दमते आणि घरी आजीला द्यायला तोंडात काही उरत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

अपेक्षाने मैत्रीण आणली. मिन-जी, कोरियाची, वर वसतिगृहात राहते. नमस्काराला वाकते पण पायापर्यंत पोचत नाही, अर्ध्यात थांबते. वाटलं, कंबर धरली असेल. घरात शिरताना मात्र चपला बाहेर काढून टोकं दाराकडे वळवून ठेवल्या. आपल्याकडची पोरं पायातल्या भिरकावतात. मला ती आवडली, म्हणून मी तिला जरा घालून पाडून बोलले. तिला कळलं नाही, ती हसली. अपेक्षाने भाषांतर केलं नाही.

जाताना मिन-जीने भिंतीच्या पडलेल्या कोपऱ्यातून शेताकडे बोट दाखवलं. काहीतरी बोलली. अपेक्षाने तिचा हात ओढला.

"काय म्हणते?"

"काय नाय."

"सांग."

"म्हणते, आमचं शेत इकडून छान दिसतं."

"आमचं म्हंजे?"

मग निघालं. वालाचं काम शाळेचं नाही, वर्गाचंही नाही. तिघांच्या गटाचं आहे. मिन-जी, नायजेरियाचा एक मुलगा, आणि पुढारी कोण? आपली अपेक्षा. जानेवारीत मंडळापुढे दाखवायचं तिचं काम हेच.

"मला सांगितलं का नाय?"

"तू विचारलंस कुठे? तू नुसती शिव्या घालतेस."

फरझाना, एवढंच लिही आज.

७ डिसेंबर, रविवार

म्हणतेस तू, फरझाने, त्या मास्तरला सांगा. काय सांगू? म्हातारी खोटं बोलली म्हणून? माझ्याच शेतात येऊन, मला भिंतीबाहेर ठेवून, मलाच विचारतो पाणी किती, आणि वर मीच जाऊन माफी मागू? वाल चिवट असतो. तगेल.

अपेक्षाला सांगायला हवं हे खरं. पण तिच्यासमोर खोटी पडले की तिच्या बाकीच्या सगळ्या गोष्टींतही खोटी पडेन. बारा वर्षं वाढवली, त्यात मी तिला सांगितलेल्या गोष्टी काय थोड्या आहेत?

१४ डिसेंबर, रविवार

घरात चोरी झाली. राखेत घालून ठेवलेलं वालाचं बियाणं, मोठं मडकं, निम्मं झालं. आधी वाटलं उंदीर. पण उंदीर खाऊन झाल्यावर मडक्याचं तोंड फडक्याने पुन्हा बांधत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात पाय ठेवणारी बाहेरची बाई एकच, बतूल. फरझानाची सासू. पस्तीस वर्षांची मैत्रीण, पण गेल्या साली तिचे वाल किडले होते हे मला ठाऊक आहे. मी तिच्या अंगणात जाऊन सरळ विचारलं. ती म्हणाली, "धोंडू, तुझं डोकं फिरलं काय गो? मागितलं असतं तर दिलं नसतंस?"

"नसतं दिलं. म्हणूनच मागितलं नाय तू."

तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

आणि ही फरझाना! सासूवर आळ घेतला तरी एक शब्द बोलली नाही. मान खाली घालून लिहिते आहे. सासू-सुनेचं पटत नाही वाटतं.

अपेक्षा रविवार असून शाळेत गेली होती, संध्याकाळी चिखलाने भरलेले हात घेऊन आली. एवढी फी घेणाऱ्या शाळेत हात धुवायला पाणी नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

शेत पिवळं पडलं. खालून मुळं कुजली, वरून मावा आला. फूल नाही. पोरं आता टेप घेऊन येत नाहीत. फक्त भिंतीपलीकडच्या कडेला, जिथे नळी पोचत नाही, तिथे हिरवं काहीतरी दिसतं. तण असेल.

अपेक्षा भाकरी ताटात मोडते आणि तशीच ठेवते. मी म्हटलं, "एक पीक गेलं म्हणून कोण जागा काढून घेतं?" ती म्हणाली, "आजी, पीक गेलं तर त्यांना चालतं. का गेलं ते सांगता आलं पाहिजे." आणि माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं.

दुपारी उठून शाळेच्या फाटकापर्यंत गेले. चढ आहे, तीनदा बसले. फाटकावर आपला पुंडलिक, ज्याच्या लग्नात मी हळद दळली.

"आजी, नाव सांगा."

"माझं नाव तुला माहीत नाय?"

"माहीत हाय ओ, पण विचारायला लागतं. कोणाला भेटायचंय?"

"त्या टोबियासला."

"कारण?"

कारण. त्याच्या वहीत तेवढा एक रकाना रिकामा राहिला. मी म्हटलं, "कारण विसरले म्हण," आणि उतरून आले. म्हणजे विसरभोळेपणा तुला माझ्याकडूनच आला आहे, निलेश.

९ जानेवारी, शुक्रवार

आज फरझाना लिहायला बसली नाही, बोलायला बसली. मग रडली. मग लिहायला बसली.

काल टोबियास मुसाभाईंच्या शेतावर गेला. तिथे वाल शेंगांनी वाकलाय. विचारलं, पाणी किती देता? मुसाभाई हसले. "पाणी? वालाला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

झालं. शाळेत अपेक्षाला बोलावलं. आजी नक्की काय म्हणाली होती? आणि आपली पोर उभी राहून म्हणाली, "आजीने बरोबर सांगितलं होतं. मीच उलटं सांगितलं."

का? तर म्हणे ते शेत आमच्याकडून गेलं, म्हणून मला राग होता.

माझा राग उचलला आणि आपल्या अंगावर घातला. मापाचा पण नाही तिला.

सोमवारी मंडळ बसणार. मुद्दाम खोटं सांगून गटाचं काम बुडवलं, ही त्या शाळेत सगळ्यात वाईट गोष्ट. नायजेरियाचा मुलगा तिच्याशी बोलत नाही. मिन-जी बोलते, पण मिन-जी सगळ्यांशीच बोलते.

"आणि मावशी," फरझाना म्हणाली, "बियाणं तिने नेलं. मी बघितलं होतं. पाणी लागत नाय अशा कडेला तिने परत पेरलं. मला म्हणाली, आजीला सांगू नको, आजीला वाईट वाटेल."

"आणि तू मला बतूलशी भांडू दिलंस?"

"तुम्ही कोणाचं ऐकता?"

बतूलकडे गेले. तिने अर्धा तास ओट्यावर बसवलं, आतून भांडी वाजवत राहिली. मग बाहेर आली. "सापडला काय गो उंदीर?"

"सापडला."

"केवढा हाय?"

"बारा वर्षांचा."

ती हसली नाही. चहाही दिला नाही. बरोबर केलं.

१२ जानेवारी, सोमवार

सगळं लिही, फरझाने. तू तिथे होतीस, मी चुकले तर अडव.

पुंडलिकने कारण विचारलं. मी म्हटलं, "खोटं बोलले होते, ते परत घ्यायला आले." त्याने मान वर केली, मग लिहिलं. कसं लिहिलं देव जाणे.

मोठी खोली. भिंतीवर पोरांचे तक्ते. टेबलामागे पाच जण. मधोमध मोठ्या बाई, केनियाच्या, वांजिरू नाव. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. बाजूला टोबियास, आज पूर्ण पँट घालून. अपेक्षा फळ्यापाशी उभी. फळ्यावर दोन फोटो, एक पिवळ्या वालाचा, एक हिरव्यागार कडेचा. मला बघून तिचा चेहरा असा झाला, जणू मी साप घेऊन आले आहे.

"आजी, तू जा."

"गप."

टोबियासने खुर्ची पुढे केली. मी उभीच राहिले. बसलेल्या माणसाचं खोटं कोणी ऐकत नाही, खरंही नाही. फरझानाला म्हटलं, मी सांगते तसं सांग, एक शब्द कमी नाही.

"पोरीने बरोबर सांगितलं. मी म्हटलं भरपूर पाणी, तिने सांगितलं भरपूर पाणी. उलटं मी बोलले."

फरझानाचं इंग्रजी अडखळलं, पण पोचलं. मागे गटातली दोघं बसली होती. त्या नायजेरियाच्या मुलाने अपेक्षाकडे बघितलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, का?

"कारण तुम्ही विचारलंत पाणी किती. शेत कोण कसत होतं, ते विचारायला कोणी आलं नाय. पंचेचाळीस वर्षं मी तिथे वाल लावला. तुम्हाला माझ्याकडून एवढंच हवं होतं, मग मीही एवढंच दिलं. वाईट दिलं."

टोबियासचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, आधी मी तेच विचारायला हवं होतं.

"आता विचारून काय?" मी म्हटलं. "आता मला खोटं बोलायलासुद्धा जागा ठेवली नाय तुम्ही."

कोणीतरी हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या सावकाश बोलल्या, फरझानाला समजावं म्हणून. पीक गेलं त्याचं आम्हाला काही नाही. पीक गेलं तरी मुलं शिकतात, आणि कडेच्या त्या पट्ट्यातून तर जास्त शिकली. पण अपेक्षाने जे केलं नाही ते केलं म्हणून सांगितलं. तेही खोटंच. तुमचं खोटं तुमच्या घराचं आहे, तिचं आमच्या घराचं.

मला राग आला. "माझ्यासाठी बोलली ती!"

तेव्हा अपेक्षा बोलली. मराठीत, सगळ्यांसमोर. "तुझ्यासाठी नाय, आजी. तू खोटारडी हायस असं शाळेच्या बसमध्ये सगळे बोलले असते, ते मला रोज ऐकायला लागलं असतं. म्हणून."

"मी हायच खोटारडी."

"मला माहीत हाय. तू सांगत होतीस तेव्हाच माहीत होतं."

"मग त्याला तसंच का सांगितलंस?"

"मला वाटलं, उद्या तरी खरं सांगशील. मग परवा सांगशील. मी वाट बघत होते."

फरझानाने हे इंग्रजीत सांगितलं नाही. मोठ्या बाईंनी विचारलंही नाही. टेबलावरचं पाणी माझ्यापुढे सरकवलं. मी प्यायले नाही. नंतर वाटलं, प्यायला हवं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. निकाल आला. जागा राहिली, आठवीपर्यंत. पण अपेक्षाने वर्गाची माफी मागायची, आणि माझी माफीची चिठ्ठी वर्गात वाचून दाखवायची. मी म्हटलं, "ये गो, लिही, मी सांगते." ती म्हणाली, "माझ्याकडून नको. फरझानाचाचीला सांग." फरझानाने लिहिली. दोन वेळा खोडली, कारण पहिल्या दोन्हीत मी शाळेलाच बोल लावला होता.

तिळगूळ दिला तिने. "गोड बोल" म्हणाली नाही. नुसता हातावर ठेवला.

मग म्हणाली, "आजी, मला वर वसतिगृहात ऱ्हायचंय. मिन-जीच्या खोलीत पलंग मोकळा हाय. मोठ्या बाई हो म्हणाल्यात. बाबांनाही फोन केला."

म्हणजे तुला माहीत होतं, निलेश, आणि मला सांगायला विसरलास. की हे विसरणं नव्हतं?

"का गो? इकडे काय कमी हाय?"

तिने बोटं मोडली. "तू बोललीस की मला आधी बघायला लागतं, खरं का खोटं. दमते मी."

मी म्हटलं जा. दुसरं काय म्हणू? एकदाच खोटं बोलले म्हणून सांगणार होते, पण तेही खरं नाही, म्हणून गिळलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल गेली. एक पेटी, एक गादी, पुस्तकं. पुंडलिकने पेटी उचलली. चढ सुरू झाला तिथे मी थांबले, गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिने मागे वळून बघितलं की नाही ते मी बघितलं नाही, कारण मी आधीच वळले होते.

सकाळी परसात गेले तर भिंतीच्या कोपऱ्याशी टोबियास उभा. एकटाच. वही नाही. मराठी शिकतोय म्हणे. हात कपाळाला लावून म्हणाला, "आजी, शेत... कोण?" बाकीचं जमेना. मी म्हटलं, "बस. लांबलचक हाय." तो चिखलात बसला. उठेल तेव्हा उठेल. मी त्याला भात लावल्यापासून सगळं सांगितलं, त्यातलं त्याला चार शब्द कळले असतील. तरी एकही खोटा घातला नाही, जड गेलं. शेवटी त्याने विचारलं, "पाणी?" मी नकाराची मान हलवली. सगळ्या गडबडीत चालूच राहिलेली नळी त्याने जाऊन बंद केली.

घरात एक ताट कमी झालं. भांडी लवकर घासून होतात. निलेश, तू फोनवर म्हणालास, "आई, तिचं चांगलंच होतंय ना?" होतंय. मला त्याचं वाईट वाटतं, तेही लिहून ठेव, म्हणजे तू म्हणायला नको की आईने सांगितलं नाही.

आता हे निलेशला नाही, फरझाने, तुला. उद्या शनिवार, वर घरचा डबा चालतो. तू नेणार आहेस. तांदळाच्या भाकऱ्या सहा ने, तीन मिन-जीला. सुक्या बोंबलाची चटणी, लसूण जास्त, तेल कमी, म्हणजे पुस्तकांना डाग पडणार नाहीत. शाळेत कोणाला मासळी सोसत नसेल तर आधी विचार, न विचारता उघडू नको. वाल नको, यंदा अजिबात नको. कोणी दिलं विचारलं तर माझं नाव सांग. आणि तिने खाल्लं नाही तर डबा आहे तसा भरलेला परत आण, मला बरं वाटावं म्हणून वाटेत कुत्र्याला घालून रिकामा आणू नकोस.